रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे? मग आयएनआरचा आकडा समजून घ्या

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याचं पोट बिघडलं. दोन दिवस जुलाब, जेवण जवळपास बंद. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची गोळी आणली. जुलाब थांबले, पण पाचव्या दिवशी सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. दंडावर कुठेही न आपटता काळेनिळे डाग आले होते.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. आयएनआर ६ च्या वर. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, नवीन कुठली गोळी घेतलीत?"

आत्याच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह ११ वर्षांपूर्वी बदललाय. तेव्हापासून तिला रोज रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. ही गोळी 'बीपीच्या गोळीसारखीच एक' असं आम्हाला घरात वाटायचं. ती तशी नाही, हे त्या दिवशी कळलं.

रक्त खरंच पातळ होतं का?

नाही. नाव तसं पडलंय, पण या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही. फक्त त्याची गुठळी व्हायला जास्त वेळ लागतो.

आपल्याला जखम झाली की रक्तातले काही घटक एकापाठोपाठ एक कामाला लागतात आणि गुठळी तयार करून रक्त थांबवतात. यातले चार महत्त्वाचे घटक तयार करायला यकृताला 'के' जीवनसत्त्व लागतं. वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल या गोळ्या नेमकं हेच काम अडवतात. आपल्याकडे असिनोकुमारॉल खूप वापरलं जातं.

ही गोळी कुणाला देतात? ज्यांना कृत्रिम धातूचा व्हॉल्व्ह बसवलाय, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ज्यांच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, अशांना. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. तो टाळण्यासाठी ही सगळी खटपट.

लक्षात ठेवा, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांनाही लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. पण त्या वेगळ्या पद्धतीने काम करतात आणि त्यांच्यासाठी आयएनआर तपासत नाहीत.

हे औषध आलं कुठून?

गोष्ट गाईंपासून सुरू होते. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरत होती. ती बुरशी लागलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खात होती. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला. त्यावरूनच वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं, ते उंदीर मारायचं औषध म्हणून! १९५४ मध्ये माणसांसाठी मंजुरी मिळाली.

म्हणजे तेच रसायन, योग्य डोसमध्ये जीव वाचवतं आणि जास्त झालं तर जीव घेतं. म्हणून मोजमाप लागतं.

आयएनआर म्हणजे काय?

हाताच्या शिरेतून रक्त घेऊन ते गोठायला किती सेकंद लागतात हे लॅबमध्ये बघतात. पण प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळे सेकंदही वेगळे यायचे. म्हणून १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने सगळीकडे चालेल असं एक प्रमाण ठरवलं. तेच आयएनआर.

गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांसाठी तो २ ते ३ मध्ये ठेवतात. काही धातूच्या व्हॉल्व्हसाठी, विशेषतः मायट्रल व्हॉल्व्हसाठी, २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा किती हवा, हे तुमचे डॉक्टर ठरवतात.

आकडा कमी आला तर गुठळीचा धोका. जास्त आला तर रक्तस्रावाचा. रिपोर्टवर आयएनआरपुढे 'जास्त' अशी खूण दिसली की अनेक जण घाबरून गोळी बंद करतात. पण ती खूण निरोगी माणसाच्या आकड्याशी तुलना करून छापलेली असते. तुमच्यासाठी २.६ हा अगदी योग्य आकडा असू शकतो.

या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. सुरुवातीला ती काही दिवसांनी, मग आठवड्याने आणि आकडा स्थिर झाला की साधारण महिन्याने करतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

आकडा वरखाली का होतो?

पहिलं कारण, जेवण. पालक, मेथी, मोहरीची भाजी, कोबी, कोथिंबीर यात 'के' जीवनसत्त्व असतं. ते अचानक वाढलं की गोळीचा परिणाम कमी होतो. म्हणून अनेक घरांत पालेभाजी पूर्ण बंदच करतात. त्याची गरज नाही. नियम एवढाच, जे खाल ते साधारण सारख्या प्रमाणात खा. आठवड्यातून दोनदा मेथी खात असाल तर तेच चालू ठेवा. खरी गडबड होते ती हिवाळ्यात रोज पालेभाजी सुरू झाली की, किंवा श्रावणात आणि नवरात्रात सलग उपवास धरले की. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

दुसरं कारण, इतर औषधं. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल आणि काही अँटिबायोटिक्सनी आयएनआर झपाट्याने वाढतो. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने तो खाली येतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काढे, चूर्णं, जडीबुटीही याच यादीत.

तिसरं कारण, आजारपण. ताप, जुलाब, जेवण कमी होणं, दारू. आत्याच्या बाबतीत जुलाब, उपासमार आणि ती गोळी, तिन्ही एकत्र आले होते.

तपासणी नको असलेल्या नव्या गोळ्या का नाही घ्यायच्या?

डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. अनेक रुग्णांसाठी त्या चांगला पर्याय आहेत. पण धातूचा व्हॉल्व्ह असेल तर त्या चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट भारतासाठी महत्त्वाची आहे. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने व्हॉल्व्ह खराब झालेले रुग्ण आपल्याकडे खूप आहेत. अशा आणि ठोके अनियमित असलेल्या साडेचार हजारांच्या आसपास रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्याच गोळ्या सरस ठरल्या. त्यामुळे शेजाऱ्याला चालली म्हणून आपण गोळी बदलायची नाही.

घरात काय पाळायचं?

– गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. बरेच डॉक्टर संध्याकाळची वेळ देतात, म्हणजे दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवशी डोस बदलता येतो.
– काहींना एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी अर्धी गोळी असते. ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.
– गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका.
– दात काढण्याआधी, ऑपरेशनआधी, इंजेक्शनआधी सांगा. पण गोळी स्वतःहून बंद करू नका.
– गरोदर राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा. या गोळ्या बाळाला घातक ठरू शकतात.
– गोळीचं नाव, डोस आणि कारण लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा.

थेट हॉस्पिटल कधी गाठायचं?

शौचाला काळं किंवा रक्त पडणं, लघवी लाल होणं, दाबून धरूनही रक्त न थांबणं, अचानक जोराची डोकेदुखी. डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरी जा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. तेव्हा एक मिनिटही घालवू नका.

आत्याला 'के' जीवनसत्त्व देऊन दोन दिवस दाखल ठेवलं. आता ती बरी आहे. फ्रिजवर एक वही टांगलीय, त्यात तारीख, आयएनआर आणि डोस. शेवटची नोंद २.८. आणि मेडिकलवाल्याला ती आता पहिलं वाक्य हेच सांगते, "माझी रक्ताची गोळी चालू आहे, आधी ते बघा."

तुमच्या घरात कुणाची ही गोळी सुरू असेल, तर आज त्यांना एकच विचारा. शेवटचा आयएनआर कधी केला होता?