जनुकांचा हिशेब आणि नवी उमेदवारी

मराठीत ‘उमेदवारी’ हा एक जुना शब्द आहे. आज तो बहुतेक निवडणुकीपुरता उरला आहे. पण एके काळी छापखान्यात खिळे जुळवावयास शिकणारा मुलगा, वकिलाच्या हाताखाली कागद लिहिणारा तरुण, कचेरीत बिनपगारी राबणारा होतकरू, हे सारे उमेदवारीच करीत. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, त्याने दाखविलेल्या चुका सुधारीत काम शिकणे, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. इंटर्नशिप हा इंग्रजीतून आलेला शब्द निराळा असला तरी वस्तू तीच. आज ज्या व्यवसायाचा आपणांस विचार करावयाचा आहे तो अगदी नवा आहे; परंतु त्यात शिरण्याची वाट मात्र या जुन्या शब्दातूनच जाते, असे आमचे मत आहे.

तो व्यवसाय म्हणजे जीनोमच्या माहितीचे विश्लेषण. बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे पालक या बाबतीत तीन प्रश्न विचारतात. हे काम नेमके काय असते? त्यात पोट भरते काय? आणि हजारो रुपये घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गात मुलीला घालावे की न घालावे? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचे अतिसूक्ष्म धागे असतात. त्यांवर चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत आपल्या घडणीचा मजकूर लिहिलेला असतो. माणसाच्या या मजकुराचा एक संच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. त्यालाच जीनोम म्हणतात. हा मजकूर वाचणारी यंत्रे निघाली आहेत. पण सध्या सर्वांत अधिक वापरातली यंत्रे तो सलग वाचीत नाहीत. एकाच पोथीच्या तीस प्रती घेऊन त्यांचे बारीक तुकडे केले आणि सारे तुकडे एका पोत्यात भरून आपल्यापुढे ठेवले, तर जी स्थिती होईल तीच येथे होते. तुकडा सुमारे १५० अक्षरांचा, आणि प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेली. म्हणजे एका माणसाच्या जीनोमचे सुमारे ६० कोटी तुकडे झाले. शिवाय यंत्रही चुकते. प्रत्येक अक्षराबरोबर ते आपल्या खात्रीचा एक अंक देते. तो अंक २० असेल तर शंभरांत एका चुकीचा संभव, ३० असेल तर हजारांत एका चुकीचा.

हे तुकडे एका प्रमाण प्रतीशी ताडून जागच्या जागी बसवावयाचे, आणि मग या व्यक्तीचा मजकूर प्रमाण प्रतीहून कोठे निराळा आहे ते काढावयाचे. असे फरक एका माणसात ४० ते ५० लाख निघतात. त्यांतील बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. एखाद्या आजारी बालकाच्या बाबतीत या लाखोंतून रोगाला कारण झालेला एक फरक शोधावयाचा असतो. विश्लेषकाचे काम ते हेच. ते संगणकाशिवाय होत नाही, आणि जीवशास्त्र जाणल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

मानवी जीनोम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये संपला म्हणून जाहीर झाले. त्या वेळी न उलगडलेले भाग जोडून खऱ्या अर्थाने सलग प्रत प्रसिद्ध व्हावयास २०२२ साल उजाडले. त्या पहिल्या वाचनाला तेरा वर्षे आणि सुमारे ३०० कोटी डॉलर लागले होते. आज एका व्यक्तीचा जीनोम हजार डॉलरांच्या आत आणि थोड्या दिवसांत वाचून होतो. वाचन स्वस्त झाले, पण त्याचा अर्थ लावणारी माणसे त्या वेगाने तयार झाली नाहीत. हा व्यवसाय जन्माला आला तो या अंतरातून.

आपल्याकडे या विद्येची बैठक फार नवी नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ मध्येच उभे राहिले. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने २००९ मध्ये एका भारतीय व्यक्तीचा संपूर्ण जीनोम वाचल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पास आरंभ झाला. वीस संस्थांनी मिळून देशातील १० हजार लोकांचे जीनोम वाचले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या राष्ट्रीय संग्रहातून संशोधकांना खुली करण्यात आली. याची गरज किती होती, हे एका गोष्टीवरून कळेल. ‘हजार जीनोम’ नावाच्या जागतिक प्रकल्पाचा अखेरचा अहवाल २०१५ मध्ये निघाला. त्यातील २६ लोकसमूहांत ह्यूस्टनचे गुजराती आहेत, इंग्लंडातील तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ आहेत, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातील बंगाली आहेत. मराठी भाषकांचा स्वतंत्र समूह मात्र नाही. आपल्या लोकांचे रोग ओळखावयाचे तर आपल्या लोकांची माहिती वाचणारी माणसेही आपल्यात असावयास हवीत.

आता कोणी म्हणेल की, पदवी आहे, पुस्तके आहेत, मग उमेदवारी कशाला? याचे उत्तर दोन उदाहरणांनी देतो.

पहिले उदाहरण हसू येण्याजोगे आहे. माणसातील काही जनुकांची नावे इंग्रजीत ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ही नावे घातली की तो आज्ञाधारक कारकून त्यांचे तारखांत रूपांतर करी! ‘मार्च १’ हे जनुक नाहीसे होऊन तेथे मार्च महिन्याची पहिली तारीख येई. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची नावेच बदलली.

दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २००६ मध्ये असे जाहीर केले की, गाठीतील जनुकांच्या हालचालीवरून कोणत्या कर्करोग्याला कोणते औषध लागू पडेल ते सांगता येते. त्या आधारावर प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तोच हिशेब पुन्हा करून पाहिला. त्यांना काय आढळले? जनुकांच्या नावांची यादी एका ओळीने सरकलेली होती! काही ठिकाणी ‘औषध लागू पडते’ आणि ‘पडत नाही’ या शिक्क्यांची अदलाबदल झालेली होती. चाचण्या २०१० मध्ये कायमच्या थांबल्या, मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला, आणि २०१५ मध्ये सरकारी चौकशीत यातील एका संशोधकावर खोट्या माहितीचा ठपकाही आला. दरम्यानच्या काळात रुग्णांच्या उपचाराचा निर्णय या आकडेमोडीवर ठरत होता.

यादी एका ओळीने सरकली आहे काय, हे पाहण्याची सवय कोणत्याही परीक्षेत तपासली जात नाही. ती लागते शेजारी बसून ‘हा आकडा कोठून आला?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यामुळे. प्रमाण प्रत कोणत्या सालची वापरली, २००९ ची की २०१३ ची? कोणते नमुने वगळले आणि का? हेच काम दुसऱ्याने केले तर हेच उत्तर येईल अशी नोंद ठेवली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे रोज द्यावी लागणे, हेच या उमेदवारीतील शिक्षण होय.

मात्र उमेदवाराने रिकाम्या हाताने जाऊ नये. लिनक्स प्रणालीवर लेखी आज्ञा देऊन काम करता यावे. पायथॉन किंवा आर यांपैकी एक भाषा नीट यावी. संख्याशास्त्राचा पाया पक्का असावा. आणि जनुकापासून प्रथिन कसे बनते हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. यांसाठी मोठा खर्च लागत नाही. साधने बहुतेक मोफत आहेत, आणि ‘गॅलॅक्सी’ नावाच्या मोफत सेवेवर तर आपला संगणक लहान असला तरी काम दूरच्या मोठ्या यंत्रांवर करून मिळते.

आरंभ लहान मजकुरावर करावा. करोना विषाणूचा जीनोम जेमतेम ३० हजार अक्षरांचा असल्याने घरच्या संगणकावर तो सहज मावतो, आणि त्याचे असंख्य नमुने सार्वजनिक संग्रहांत खुले आहेत. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूच्या काटा-प्रथिनातील ४५२ आणि ४८४ या स्थानी बदल आढळल्याचे जाहीर केले होते. त्या काळातील काही नमुने घ्यावेत, २०२० च्या मूळ प्रतीशी ताडावेत, आणि हे बदल आपल्याला सापडतात काय ते पाहावे. उत्तर आधी ठाऊक असल्यामुळे आपली रीत चुकली तर लगेच कळते. केलेल्या कामाची पायरीवार नोंद करून ती इतरांना पाहता येईल अशी ठेवावी. दहा प्रमाणपत्रांपेक्षा अशी एक नोंद निवडणाऱ्यास अधिक सांगते.

जागा कोठे शोधावी? देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात सुमारे दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देत आल्या आहेत. ती विद्यार्थ्यांसाठी आहे तशीच शिक्षकांसाठीही आहे. ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालतो. त्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली खुल्या प्रणालींचे काम घरून करता येते आणि मानधन मिळते. जैवमाहितीच्या संस्थाही त्यात भाग घेत आल्या आहेत. याखेरीज सरळ पत्र लिहिण्याचा राजमार्ग आहेच. पुण्याची आयसर, हैदराबादची सीसीएमबी, कल्याणीची एनआयबीएमजी अशा संस्थांतील संशोधकांची कामे प्रसिद्ध असतात. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नये. पाच जणांचे निबंध वाचून पाच निरनिराळी पत्रे लिहावीत: आपला कोणता निबंध वाचला, त्यातील कोणता प्रश्न मनात राहिला, आम्ही काय करून पाहिले, आणि किती आठवडे देऊ शकतो. एवढे एका पानात मावते.

आता पैसे मागणाऱ्या वर्गांविषयी. शिकवणीची फी घेणे गैर नाही; पण शिकवणीला इंटर्नशिप म्हणणे ही फसगत आहे. पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. काम कोण तपासणार, त्याचे नाव काय? माहिती खरी आणि प्रश्न न सुटलेला आहे, की दरवर्षी तोच सोडविलेला धडा आहे? पूर्वी येथे शिकलेले आज काय करतात? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवावेत.

पोट भरते काय, याचेही सरळ उत्तर दिले पाहिजे. रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, औषध कंपन्या, बियाणे सुधारणाऱ्या संस्था आणि संशोधन केंद्रे यांना ही माणसे लागतात. परंतु चांगल्या जागांना बहुधा एम.एस्सी. किंवा त्यापुढील शिक्षण मागतात, आणि दोन महिन्यांची उमेदवारी कोणालाही नोकरीची हमी देत नाही. ती दोन गोष्टी मात्र देते: हे काम आपल्याला रुचते की नाही याचा अनुभव, आणि ज्याने आपले काम पाहिले आहे अशा एका माणसाची शिफारस.

अखेरीस एक सांगणे आहे. उमेदवाराच्या हाती येणारी अक्षरे कोणा जिवंत माणसाची असतात. त्याने विश्वासाने रक्त दिलेले असते, आणि त्याच्या मजकुरात त्याच्या आईबापांचा व मुलाबाळांचाही मजकूर असतो. संस्थेच्या परवानगीवाचून ती माहिती घरी नेऊ नये, मित्राला दाखवू नये, तीत ओळखीचे कोणी शोधू नये. आणि हिशेब जुळला नाही तर तो जुळला असे कधीही लिहू नये, मग साहेब कितीही घाईत असोत. आपल्या मुलामुलींना या वाटेवर पाठविताना पालकांनी एवढे सांगून पाठवावे, अशी आमची विनंती आहे.