रणगाड्याचा संच निवडताना पट्टी जवळ ठेवा

समजा तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जगातील पहिल्यावहिल्या रणगाड्याची प्रतिकृती करावयाचे ठरले. वर्गणीच्या पैशांत एकच परदेशी संच बसतो आणि एकदा खोका फोडला की दुकानदार तो परत घेणार नाही. खोक्यांवरची चित्रे तर एकाहून एक सरस! मग निवड कशी करावी? चित्रावरून मुळीच नको. पट्टी, भागाकार आणि थोडा इतिहास एवढ्या भांडवलावर ती करता येते.

अंबरनाथच्या मुलांना हा विषय परका वाटू नये. तेथील मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ पासून ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या सरकारी कंपनीत आहे. आवडीचा रणगाडे बनविणारा कारखानाही त्याच कंपनीचा. शिवाय एमआयडीसीत प्लास्टिकचे भाग काढणारे कारखाने आहेत. संचाची निम्मी परीक्षा तेथला डाय बनविणारा कारागीर घेऊ शकेल.

आधी मूळ वस्तू पाहू. ब्रिटिशांचा ‘मार्क १’ हा रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत प्रथम उतरला. वजन सुमारे २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचे, वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर. आत आठ माणसे आणि त्यांच्या मधोमध उघडे इंजिन! पेट्रोलच्या टाक्याही आतच, पुढच्या बाजूला. गोळा लागला तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. वळण्यास मदत व्हावी म्हणून मागे दोन चाकांची शेपटी जोडली होती. तिचा उपयोग फारसा झाला नाही.

जून १९१७ पासून ‘मार्क ४’ वापरात आला. दिसायला भाऊच, पण शेपटी गेली आणि पेट्रोलची टाकी मागे, चिलखताच्या आड गेली. तोफेची नळीही आखूड झाली, कारण लांब नळी चिखलात रुतत असे किंवा कशाला तरी अडत असे. ५७ मिलिमीटर व्यासाच्या या तोफेची नळी आधी व्यासाच्या ४० पट, म्हणजे २.२८ मीटर होती. ती २३ पट, म्हणजे १.३१ मीटर झाली. १/३५ प्रमाणात हे अनुक्रमे ६५ आणि ३७ मिलिमीटर. नळीचा काही भाग ढालीआड जातो, म्हणून मोजताना थोडी सूट द्या. तरी पावणेदोन पटींचा फरक नजरेतून सुटत नाही. (खोक्यावर ‘मेल’ किंवा ‘फीमेल’ असे लिहिलेले असते. तोफा असलेला तो ‘मेल’, नुसत्या मशीनगन असलेला तो ‘फीमेल’.)

आता संच. एअरफिक्सचा १९६७ साली निघालेला संच ‘मार्क १’चा, शेपटीसह, १/७६ प्रमाणाचा. एमहारचे ‘मार्क ४’ १/७२ आणि १/३५ अशा दोन्ही प्रमाणांत आहेत. २०१४ साली ताकोम आणि तामिया या दोघांनीही १/३५ प्रमाणात ‘मार्क ४’ काढला. तामियाच्या संचात मोटार आहे.

ही विचित्र प्रमाणे आली कोठून? १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. १/७६ म्हणजे फुटाला सुमारे चार मिलिमीटर. आणि १/३५ ची हकीकत मजेची आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तामियाने मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटरीचे दोन सेल मावावेत म्हणून आकार ठरविला आणि मागाहून मोजले तर प्रमाण आले सुमारे १/३५! पुढे सगळे जग तेच वापरू लागले.

‘मार्क ४’ची लांबी ८.०५ मीटर. तिला ३५ ने भागा, २३ सेंटिमीटर. ७२ ने भागा, ११.२ सेंटिमीटर. अशीच रुंदी आणि उंची तपासा. जो संच या मापांत बसत नाही, तो बाकी कितीही सुबक असो, मागे ठेवा.

आता आपला कारागीर काय पाहील? साच्याच्या दोन अर्ध्या भागांत तापलेले पॉलिस्टायरिन दाबाने भरतात आणि थंड झाल्यावर साचा सरळ रेषेत उघडतो. उभ्या भिंतीवर रिवेटचे डोके असेल तर ते साच्यात अडकेल. म्हणून रिवेट असलेला पत्रा आडवा झोपवून काढतात. पहिले रणगाडे सपाट पत्र्यांचेच असल्याने येथे काम सोपे होते. साचा जुना झाला की फटीतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला कारखान्यात ‘फ्लॅश’ म्हणतात. अनेक वर्षे वापरलेल्या साच्याच्या संचात तो आधी शोधा. जाड जागा उशिरा थंड होऊन पृष्ठभाग खचला असेल तर तेही दिसेल.

एका बाबतीत मात्र सगळेच संच खोटे बोलतात. ‘मार्क ४’चे चिलखत १२ मिलिमीटर जाड, म्हणजे १/३५ प्रमाणात ०.३४ मिलिमीटर. इतकी पातळ भिंत प्लास्टिकची करणे अवघड. ती एक मिलिमीटर धरली तरी तुमच्या रणगाड्याला ३५ मिलिमीटरचे चिलखत चढले! पत्र्याच्या उघड्या कडा मागून तासून पातळ कराव्या लागतात.

उरला साखळी-पट्टा. एअरफिक्स आणि एमहार यांचा पट्टा मऊ, अखंड. तो वर ताणलेला राहतो. खऱ्याचा प्रत्येक पट्टा सुटे दुवे जोडून केलेला होता, ताकोममध्येही ते सुटेच जोडायचे. काम कंटाळवाणे आहे, दोघा-तिघांनी वाटून घ्यावे.

प्रदर्शनात रचना समजावून सांगायची असेल तर मी ताकोम घेईन. तामिया चालतो, लहान मुले त्याभोवती गोळा होतील. पण मोटार आणि सेल बसविल्यावर इंजिन दाखवायला जागा राहत नाही. चालविलाच तर वेगही मोजा. ताशी ६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६७ सेंटिमीटर. त्याचा पस्तिसावा भाग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर होतो. पैसे कमी असतील आणि पहिलाच प्रयत्न असेल तर एअरफिक्स पुरे.

रिवेटची डोकी किती उठावदार असावीत, हे पुस्तकातून कळत नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तेथील व्हॅलेंटाइन रणगाडा दुसऱ्या महायुद्धाचा, पण त्या जातीचे बहुतेक रणगाडे रिवेटांनीच जोडलेले असत. सहल गेली तर त्याच्याजवळ थोडे थांबा आणि एका रिवेटचा व्यास नजरेने अंदाजून वहीत लिहा. मग त्याला ३५ ने भागा.