सर्व्हरचा मदरबोर्ड काढण्याआधी फक्त 'शटडाऊन' पुरेसं का नसतं?

सर्व्हर बंद केला म्हणजे मदरबोर्डमधली वीज गेली का? नाही. बऱ्याच सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतात आणि शटडाऊननंतरही बोर्डवर स्टँडबाय वीज सुरूच राहते. त्यामुळे दोन्ही पॉवर केबल काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरू द्या.

दुसरा धोका दिसत नाही. स्थिर विजेचा झटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टला जाणवतो; काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतही खराब होतात. म्हणून अर्थिंगला जोडलेला मनगटी पट्टा हवाच.

केबल काढण्याआधी फोटो घ्या. कोणती रॅम कोणत्या स्लॉटमध्ये होती, ते लिहून ठेवा. बोर्ड कडेला धरा, हीटसिंकला नाही. प्रोसेसर काढल्यावर सॉकेटवर लगेच झाकण लावा. एक पिन वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेटा. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल, तर त्याचं कुलूप सहसा मदरबोर्डच्या टीपीएम चिपशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की रिकव्हरी की मागितली जाते. की नाही आणि बॅकअपही नाही, तर डेटा गेलाच. त्यामुळे स्क्रूड्रायव्हरच्या आधी ती की शोधा.