मापाची खुर्ची

दिल्लीच्या नेहरू तारांगणात सोयुझ टी-१० या अंतराळयानाची कुपी ठेवली आहे. ११ एप्रिल १९८४ रोजी भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा हिच्यातूनच कझाकस्तानात उतरले. बुडाशी जेमतेम सव्वादोन मीटर रुंद, आणि तिच्यात तिघं! शेअर रिक्षा परवडली म्हणायची.

गंमत अशी, की शर्मा गेले होते टी-११ मधून. यान अंतराळात ठरावीक काळच टिकतं. त्यामुळे पाहुण्यांनी जुनं यान घेऊन परतायचं आणि सल्यूत-७ या अंतराळस्थानकावरच्या मुक्कामी मंडळींसाठी नवं मागे ठेवायचं. मात्र त्याआधी प्रत्येकानं खुर्चीतला आपला साचा काढून दुसऱ्या यानात बसवायचा, कारण एकाचा साचा दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.

हा साचा घडवण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. पातळ सुती कपड्यांत, गुडघे पोटाशी घेऊन ओल्या प्लास्टरमध्ये उताणं पडायचं आणि ते आळेपर्यंत हलायचं नाही. डोक्याशी थोडी जागा मोकळी सोडतात, कारण वजनरहित अवस्थेत कणा ताणून उंची काही सेंटिमीटर वाढते. उतरताना जमिनीपासून मीटरभरावर रॉकेटं पेटतात, तरी दणका बसतोच. तो पाठभर वाटला जावा म्हणून हा खटाटोप.

यानात घालायचा सोकोल पोशाखही तसाच, पाय मुडपून पडलेल्या माणसाच्या बेतानं शिवलेला. म्हणून तो घातला की ताठ चालीचा वैमानिकही पोक काढून चालतो. पोटाशी आतलं हवाबंद कापड गोळा करून रबरी पट्ट्यांनी करकचून आवळतात. एवढ्या प्रगत यंत्रणेत जीव राखायला पिशवीचं तोंड बांधल्यासारखी गाठ! मला तरी ही साधी युक्ती फार आवडली.

शर्मांचं उड्डाण आठ दिवसांहूनही कमी, पण त्याआधी रशियातल्या स्टार सिटीत दीडेक वर्षाचा अभ्यास. यानातली बटणं आणि सूचना रशियनमध्ये, म्हणून आधी भाषा. रवीश मल्होत्राही हे सगळं शिकले. ते राखीव होते, वर गेले नाहीत.

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाशात झेपावले, तेव्हा राखीव होते प्रशांत नायर. हे दोघं गगनयान या भारतीय मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेल्या चौघांपैकी. त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षणही स्टार सिटीतच झालं, आणि रशियन भाषा त्यांनाही शिकावी लागली.