जनुक-निष्प्रभावन, भुंगेऱ्यांतील
दुपदरी आरएनए शरीरात गेल्यास त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचे (आनुवंशिक घटकाचे) कार्य बंद पडते. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी सूत्रकृमींत ही क्रिया दाखविली. भुंगेऱ्यांत (कोलिऑप्टेरा गण) ती विशेष परिणामकारक, तर पतंगांत बहुधा क्षीण असते. डायसर-२ हे एंझाइम आरएनएचे लहान तुकडे करते व त्यांच्या आधारे आर्गोनॉट-२ हे प्रथिन संदेशवाहक आरएनए तोडते. पिठातील तांबड्या भुंगेऱ्यात (ट्रायबोलियम कॅस्टॅनियम) आर्गोनॉट-२ ची दोन जनुके आहेत. भुंगेऱ्यांतील स्टॉफेन-सी हे प्रथिन क्रियेच्या आरंभास आवश्यक असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. पतंगांच्या अळ्यांत मात्र आरएनए एंझाइमांमुळे लवकर विघटित होतो किंवा कोशिकेतील पुटिकांत अडकतो.

मक्याच्या मुळांवरील डायब्रॉटिका भुंगेऱ्यांत निवडीने प्रतिकारक्षम वाण निर्माण झाला. ही क्षमता एकाच अप्रभावी जनुकस्थानाशी निगडित असून तीमुळे आतड्याच्या कोशिका आरएनए शोषून घेत नाहीत. धाराशिव जिल्ह्यासह महाराष्ट्रात उसाची मुळे खाणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी होय. तिच्यावर हा उपाय योजावयाचा झाल्यास अशा प्रतिकाराचा विचार आधीच करणे इष्ट ठरेल.