सागर सम्राटचे पाय

एक रुपयाची नोट हाती आली तर उलटून बघा. मागच्या बाजूला समुद्रात उभी असलेली तेलाची रिग दिसेल. तीच ‘सागर सम्राट’. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर फेब्रुवारी १९७४ मध्ये तिला तेल लागलं. २१ मे १९७६ पासून या ‘बॉम्बे हाय’ तेलक्षेत्राचं उत्पादन सुरू झालं.

मला भुरळ पडली ती जपानमध्ये बांधलेल्या या रिगच्या पायांची. ही जॅक-अप जातीची रिग. पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. जागेवर पोचली की रिग पाय खाली सोडते आणि अंग थोडं वर उचलते. मग लगेच ड्रिलिंग सुरू होत नाही. आधी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून मुद्दाम वजन वाढवतात. पाय रुतायचे तेवढे आत्ताच रुतू देत, विहीर अर्धी खणल्यावर नकोत! तळ पक्का लागला की पाणी सोडून देतात आणि रिग लाटांच्या वर उचलून धरतात. भरवसा टाकण्याआधी भार घालून बघायचा, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पुढे याच म्हाताऱ्या रिगचं रूपांतर तेल-उत्पादन केंद्रात झालं. डिसेंबर २०२२ मध्ये ती नव्या कामावर रुजू झाली.

क्षेत्र मात्र थकत चाललं आहे. १९८९ च्या सुमारास दिवसाला पावणेपाच लाख पिंपं निघत. २०२४ मध्ये एक लाख ३४ हजारांच्या आसपास. दाब टिकवायला १९८४ पासून खडकात पाणी सोडतात. पण हा चुनखडक थराथरांचा. पाणी सोप्या वाटेने धावतं, विहिरीत येऊन पोचतं आणि बरंच तेल मागेच राहतं. आता ते तेल काढण्यासाठी २०२५ मध्ये ‘बीपी’ कंपनीशी दहा वर्षांचा करार झाला आहे.

तेलापेक्षा काळजी इथल्या माणसांची वाटते. जुलै २००५ मध्ये एका जखमी स्वयंपाक्याला उतरवायला आलेलं जहाज समुद्रतळावरून वर येणाऱ्या गॅसवाहिनीवर आदळलं. आगीत २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली आणि ७०हून अधिक जीव गेले. त्यांत कंत्राटी कामगार होते, वेल्डर होते, फिटर होते. वादळाचा इशारा काही दिवस आधीच आलेला होता. नव्या कराराने पिंपं किती वाढतील, हे कळेलच. इशारा मिळाल्यापासून शेवटची कंत्राटी बार्ज किती तासांत बंदराला लागेल आणि तो निर्णय कोण घेईल, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असायला हवं.