गाडी सरळ, स्टीअरिंग वाकडे

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजी घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांकडे कधी नीट पाहिले आहे का? जुन्नर-ओतूरकडून माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे आलेल्या एखाद्या गाडीत एक गंमत दिसते. गाडी अगदी सरळ चाललेली असते, पण चालकाने स्टीअरिंग थोडे तिरके धरलेले असते. कल्याण-शिळफाटा रस्ता, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, कोठेही थोडा वेळ उभे राहिले तर अशी गाडी दिसू शकते. चालकाला विचारावे तर तो म्हणतो, "अलाइनमेंट गेलंय." मग गॅरेजमध्ये अलाइनमेंट होते, पैसे दिले जातात, आणि कधी कधी स्टीअरिंग वाकडे ते वाकडेच राहते.

पिकअपचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. टायर वेळेआधी झिजले तर त्याच्या महिन्याच्या कमाईला भोक पडते, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली तर प्रश्न कमाईपुरता राहत नाही. हा सारा प्रकार समजण्यासाठी कोन, समांतर रेषा, आयत आणि गुणोत्तर एवढेच गणित लागते, म्हणजे आपण सातवी-आठवीला शिकवतो तेवढेच.

दोन वेगळ्या तक्रारी

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. पहिली तक्रार: गाडी सरळ जाते, पण त्या वेळी स्टीअरिंग मध्यावर नसते. दुसरी तक्रार: स्टीअरिंग सैल सोडले की गाडी एका बाजूला ओढते. बोलताना दोन्हींना "अलाइनमेंट गेले" असेच म्हणतात, पण त्यांची कारणे बरीच निराळी आहेत. पहिलीचे कारण बहुधा चाकांच्या दिशेत असते. दुसरीचे कारण टायरमध्ये, ब्रेकमध्ये, चाकाच्या कलात किंवा चक्क रस्त्यातही असू शकते.

रस्त्यात कसे? पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. डांबरी रस्त्यावर तो साधारण २ टक्के, म्हणजे मीटरला २ सेंटिमीटर असतो. आपण डावीकडून वाहने चालवतो, त्यामुळे गाडी सतत डावीकडच्या उतारावर असते. मालासह गाडीचे वजन २५०० किलो धरले, तर त्याचे २ टक्के म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतके बल गाडीला डावीकडे खेचत असते. म्हणून गाडी किंचित डावीकडे जाते एवढ्यावरून तिच्यात दोष आहे असे ठरवता येत नाही. ही परीक्षा सपाट, मोकळ्या मैदानात घ्यावी.

तीन मिलिमीटरची किंमत

आता चाकांच्या दिशेकडे वळू. घोड्याच्या चारचाकी गाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती वळत असे. १८१७ साली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने निराळी युक्ती काढली: आस जागच्या जागी ठेवायचा आणि प्रत्येक चाक स्वतःच्या खिळ्यावर वळवायचे. १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, म्हणून ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. या युक्तीत दोन चाके एकमेकांना दांड्यांनी जोडावी लागतात. त्यांनाच मेकॅनिक टाय रॉड म्हणतात. दांड्यांची लांबी बदलली की चाकांची दिशा बदलते.

वरून पाहिले असता पुढची दोन चाके जवळजवळ समांतर असली पाहिजेत. त्यांची पुढची टोके एकमेकांकडे झुकली किंवा एकमेकांपासून फाकली, तर त्या फरकाला "टो" म्हणतात. समजा, टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आहे आणि पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा ठरलेल्या मापाहून ३ मिलिमीटर कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आले. १.५ भागिले ७०० म्हणजे सुमारे ०.००२. चाक एक किलोमीटर पुढे जाताना त्याला सुमारे २ मीटर आडवे घासत जावे लागते. शंभर किलोमीटरच्या फेरीत हे घासणे २०० मीटर होते! डोळ्यांना न दिसणारा कोन टायर कसा खातो, हे यावरून ध्यानात येईल.

याची खूण हाताला कळते. गाडी उभी आणि टायर थंड असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे असे समजावे.

आता समजा, गॅरेजमध्ये फक्त डाव्या चाकाचा दांडा फिरवून ते चाक १ अंशाने वळवले. गाडी चालू लागताच दोन्ही चाकांवरची आडवी बले समान होईपर्यंत चाकांची जोडी स्वतःहून वळते आणि तो १ अंश दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो. गाडी सरळच जाते, पण चाकांबरोबर स्टीअरिंगही फिरते. चाक १ अंश वळण्यासाठी स्टीअरिंग १८ अंश फिरवावे लागते असे धरू. मग अर्ध्या अंशासाठी स्टीअरिंग ९ अंश तिरके होईल. म्हणूनच आधी स्टीअरिंग मध्यावर बांधून ठेवायचे आणि मगच दोन्ही दांडे आपापल्या मापावर आणायचे, असा नियम आहे.

कागदी कप आणि लोकलचे चाक

समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जेवढे कललेले असते त्या कोनाला "कॅम्बर" म्हणतात. याचा परिणाम समजण्यासाठी चहाचा कागदी कप जमिनीवर आडवा ठेवून ढकलावा. तो सरळ न जाता लहान तोंडाच्या बाजूला गोल वळतो. कललेले चाक असेच शंकूच्या तुकड्यासारखे वागते आणि ज्या बाजूला झुकले असेल तिकडे वळू पाहते. डावे-उजवे कल सारखे असतील तर दोन्ही ओढी एकमेकींना खोडतात. एका बाजूचा कल बिघडला की गाडी ओढू लागते आणि टायर एका कडेने झिजते.

आता दोन कप तोंडाला तोंड चिकटवून दोन समांतर काठ्यांवर सोडावेत. जोडी एका बाजूला सरकली तरी पुन्हा मध्यावर येते. ठाणे-कल्याण लोकलची चाके याच तत्त्वावर थोडी शंकूच्या आकाराची असतात, म्हणून रेल्वेला स्टीअरिंग लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ही सोय नाही. ती सरळ राहावी म्हणून तिच्यात दुसरी योजना असते.

ती योजना म्हणजे "कॅस्टर". सायकलचा पुढचा चिमटा पाहा. हँडलचा दांडा खाली वाढवला तर तो जमिनीला जेथे मिळेल ती जागा चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे असते. चाक जणू त्या बिंदूमागे ओढले जाते आणि स्वतःहून सरळ होते. मोटारीतही चाक वळवण्याचा आस असाच मागे झुकवलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप परतते. दोन बाजूंचा कॅस्टर निराळा असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. पिकअपमध्ये माल भरला की मागची बाजू दबते, नाक वर होते आणि कॅस्टर वाढतो. म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची मापे एक नसतात. कंपनीने ज्या वजनावर मापे दिली आहेत त्याच वजनावर ती तपासली पाहिजेत.

खेकड्याची चाल

पिकअपचा खास घोटाळा मागच्या बाजूला असतो. बहुतेक पिकअपमध्ये मागे अखंड आस असतो आणि तो पोलादी पाट्यांवर यू-बोल्टनी आवळलेला असतो. जादा माल आणि खड्डे यांमुळे यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांना जोडणारा मधला बोल्ट तुटला, तर आस एका बाजूने मागे सरकतो.

दोन बाजूंच्या पाट्यांत १ मीटर अंतर आहे आणि आस एका बाजूने १ सेंटिमीटर मागे गेला आहे असे धरू. आस १ भागिले १००, म्हणजे सुमारे ०.५७ अंशाने फिरला. मागची चाके आता गाडीला तिरकी ढकलतात. सरळ जायचे तर पुढची चाकेही तेवढीच वळवून मागच्यांना समांतर ठेवावी लागतात. ०.५७ गुणिले १८ म्हणजे स्टीअरिंग जवळजवळ १० अंश तिरके! चाकांच्या दोन जोड्यांमध्ये ३ मीटर अंतर असेल तर पुढच्या-मागच्या चाकोऱ्यांत ३ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

अशा गाडीची फक्त पुढची दोन चाके एकमेकांशी समांतर केली तर कागदावर मापे बरोबर येतात आणि स्टीअरिंग मात्र वाकडे राहते. चारही चाके मोजली तरच दोष सापडतो, आणि उपाय मागचा आस जागेवर आणणे हा असतो.

नव्या गाड्यांतली नवी गुंतागुंत

जुन्या पिकअपमध्ये पुढेही अखंड आस असे. तेथे साधारणपणे टो एवढीच गोष्ट जुळवता येई. नव्या अनेक गाड्यांत पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे प्रवास सुखाचा होतो, पण सांधे आणि रबरी बुश वाढतात, आणि एखादा झिजला की कोन बदलतो. आधी झिजलेला सांधा न बदलता केलेले अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

दुसरी गोष्ट विजेची. २०१९ साली आलेल्या टाटा इंट्रासारख्या छोट्या मालगाडीतही विद्युत मोटारीच्या मदतीने चालणारे स्टीअरिंग मिळते. काही गाड्यांत घसरण रोखणारी यंत्रणा असते. ती स्टीअरिंग किती अंश वळले आहे हे सेन्सरने मोजते आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे याच्याशी ताडून पाहते. चाक काढून सरळ बसवून देण्याची जुनी युक्ती येथे धोक्याची आहे. तिने दोष लपतो, टायर झिजतच राहते, आणि सेन्सरचा शून्य आणि खरा मध्य यांत फरक पडू शकतो. म्हणून सेन्सर असलेल्या गाडीत कंपनीने सांगितल्याप्रमाणे शून्य पुन्हा ठरवावा लागतो.

वर्गात काय करावे?

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून आयत करावा. तो किंचित दाबला की समांतरभुज चौकोन होतो. बाजूंची लांबी तीच, पण कर्ण बदलतात. मागचा आस सरकला की असेच काहीसे घडते. मग शाळेजवळ उभ्या असलेल्या एखाद्या गाडीची, मालकाच्या परवानगीने, स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. गाडी सपाट जागी, बंद आणि हँडब्रेक लावलेली असावी. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. बराच फरक आला तर मुलांनी कारण शोधावे.

मुले घरी जाऊन पिकअप चालवणाऱ्या वडिलांना किंवा काकांना एक क्रम नक्की सांगू शकतील. प्रथम चारही टायरमधील हवा तपासा, कारण कमी हवेच्या चाकाकडे गाडी ओढते. मग एखादे चाक जास्त तापते का ते पाहा, कारण अडकलेला ब्रेकही गाडी ओढतो. मात्र तापलेल्या ड्रमला हात लावू नका. पुढची दोन टायरे आपसांत बदलून पाहा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे. त्यानंतर सांधे, बुश, यू-बोल्ट, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. गॅरेजमध्ये चारही चाकांची आधीची आणि नंतरची मापे छापून मागावीत. आपण काय दुरुस्त केले याचा पुरावा तोच असतो.